लाल शाईतले पाच दिवस

इतवारी हलामी माती चाळायला बसली की चाळणीचा आवाज रोपवाटिकेच्या फाटकापर्यंत यायचा. खस्, खस्, टप. दोन झटके आणि एक थाप. वारलू घमेलं घेऊन उभा असायचा. म्हणायचा, "वैनी, तुह्या चाळणीवर पाय थिरकून राह्यले ना माहे."

"पाय मंग थिरकव. घमेलं भर आधी."

कुरखेड्याच्या उत्तरेला, जंगलाच्या कडेला एका खासगी कंपनीनं त्र्याण्णव साली ही रोपवाटिका काढली. बांबू, साग, निलगिरी. सोळा पुरुष आणि पाच बाया. इतवारी पहिल्याच दिवशी आली, तेव्हा विशी ओलांडलेली, लग्नाला दीड वर्ष झालेलं. तिनं भरलेली पिशवी उलटी करून पाहिली तरी माती सुटत नसे. बांबूचं कोवळं रोप दोन बोटांत कसं धरायचं हे ती पुरुषांना शिकवायची, आणि तेही ऐकायचे. निदान तिच्यासमोर तरी.

आणि तिला सही येत होती. साक्षरतेच्या वर्गात कंदिलाखाली शिकलेली सही. हजेरीच्या वहीवर ती इतकी निगुतीनं 'इ' काढायची की हजेरी-कारकून भैयाजी वैतागायचे.

"इतवारी, तुह्यी सही होतपर्यंत माह्या चहा होऊन जाते वो."

"मंग प्या ना चहा. मी कुठी पळून राह्यली?"

भैयाजी ब्रह्मपुरीकडचे. तीन मुलींचे बाप, कपाळाला अष्टगंध, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हजेरीची वही त्यांच्या खोलीत देवाच्या तसबिरीखालच्या फळीवर असायची. सकाळी उदबत्ती फिरवायचे तेव्हा एक फेरा वहीभोवतीही व्हायचा.

सगळं त्या फळीपासून सुरू झालं.

इतवारीच्या गावात कुर्मा होता. गावाबाहेर, शेवटच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कवेलूची बुटकी झोपडी. दारातून आत जायचं तर कमरेत मोडावं लागे. पाळीच्या दिवसांत गावातल्या बाया तिथं राहत. घरात जायचं नाही, विहिरीला शिवायचं नाही, देवाच्या वाटेला जायचं नाही; घरून कोणी जेवण आणून लांब ठेवी. पण जंगलातून काड्या आणायला, शेतात खणायला मनाई नव्हती. इतवारी कुर्म्यातून उठून सरळ कामावर यायची. फक्त वाफ्यांत शिरायची नाही. कुंपणाबाहेर मातीचा ढीग असे, तिथं दिवसभर एकटीनं चाळत बसायची. वारलू माती आत न्यायचा.

पहिल्यांदा ती फाटकातूनच बोलली होती.

"भैयाजी, मी आज बाहेरून चाळतो."

"काऊन?"

ती जमिनीकडे पाहत राहिली. तीन मुलींच्या बापाला उमगलं.

"बरं, बरं. अन् सही?"

"हात नाई लावत वहीले. देवापाशी ठेवता ना तुम्ही."

"शहाणी आहेस. जाय, मी पाहून घेतो."

पाच दिवसांनी डोकं न्हाऊन ती खोलीत आली. म्हणाली, "आता करतो सह्या. पाच दिवसांच्या."

भैयाजींनी वही मिटली. "त्या दिवसांची सही आज केली काय अन् उद्या केली काय, विटाळाचीच ना वो ते? राहू दे. मी भरतो म्हणलं ना."

इतवारीला पटलं. कोणी दटावलं नव्हतं, कोणी फसवतंय असंही वाटलं नाही. उलट आपल्या घरचं भैयाजींना कळतं, याचं बरंच वाटलं. शनिवारी मजुरी हातात पडायची, त्या पाच दिवसांचीसुद्धा. कागदावर 'माती चाळणे, उक्ते' असं लिहिलेलं असायचं, नाव कोणाचंच नाही. तिनं कशाला विचारावं? बाकीच्या चौघींचंही असंच चालायचं.

वारलूचं निराळं. मोहफुलांच्या दिवसांत तो आठ-आठ दिवस दिसायचा नाही. नात्यातलं लग्न निघालं की तीन दिवस गायब. सोमवारी डोळे चोळत यायचा आणि उभ्याउभ्या गेल्या सगळ्या दिवसांच्या सह्या ठोकायचा. भैयाजी हसायचे, "हात दुखंल गा तुह्या!" साऱ्या पुरुषांचं असंच चालायचं. बायांना त्याचं काही वाटत नसे, कारण तेव्हा ती वही म्हणजे नुसती वही होती.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात नागपूरहून साहेब आले आणि फाटकाला यादी चिकटवून गेले. सलग पाच वर्षं, दर वर्षी दोनशे चाळीस दिवस ज्यांची हजेरी भरली ते कायम. अकरा नावं, अकराही पुरुष.

इतवारीनं यादी दोनदा वाचली. तिच्यासोबतची कमळा वाचत नव्हती, तिनं विचारलं, "आपलं कुठी आहे वो?"

"नाई."

"खाली पाह्य. बायांचं खाली राह्यते."

"खाली शिक्का आहे."

मागून वारलू आला. त्याचं नाव चौथं. त्यानं ते बोटानं चाचपून पाहिलं, शाई ओली आहे की काय असं. मग इतवारीकडे बघून नजर वळवली.

इतवारी सरळ भैयाजींच्या खोलीत गेली.

"माहे दिवस किती?"

भैयाजींनी चष्मा पुसला. "दोनशे एकतीस."

"अन् वारलूचे?"

"तुले काय करायचं वारलूचं?"

"किती?"

"दोनशे अडुसष्ट."

"मोहात दिसला का तो तुम्हाले कधी? मी आली ना रोज. बाहेर बसली होती. तुम्ही 'भरतो' म्हणाले."

"काय भरू? तुह्यी सही मी ठोकू? मले जेलात धाडशील का? महिना संपला का वही नागपूरले जाते, कोरा रकाना दिसला का तिकून चिठ्ठी येते. मंग लिहाव लागते 'गैरहजर'."

"मंग सांगाव लागत होतं ना मले!"

"काय सांगू वो बाईमाणसाले?" भैयाजींचा आवाज एकदम खाली आला. "माह्यानं बोलल्या जाते का ते?"

तिच्यानंही बोलवत नव्हतंच.

त्याच पावसाळ्यात कुरखेड्याला पंचायत समितीच्या सभागृहात कायद्याची माहिती द्यायचं शिबिर झालं. चंद्रपूरहून आलेली वकीलबाई पंचविशीची, डोक्यावर ओढणी, हातात खडू. आफ्रीन शेख. भाषणात म्हणाली, बाईला बाई आहे म्हणून कामावर घेताना, वर चढवताना डावलता येत नाही, तसा कायदा आहे. शेवटी म्हणाली, "किसी को कुछ पूछना है?" सगळं सभागृह पंख्याकडे बघायला लागलं. इतवारी बाहेर व्हरांड्यात थांबून राहिली आणि ती निघाल्यावर तिला गाठलं. सगळं सांगितलं, पाळी हा शब्द सोडून.

आफ्रीननं तोही भाग ओळखला. "और वो दिन तुम काम पे थी? पक्का?"

"होती. पण मॅडम, सही नाई करणं तं माह्यंच होतं. चूक माहीच ना?"

"देखो इतवारीबाई. हजेरी ठेवणं मालकाचं काम आहे, तुमचं नाही. सही घेता येत नव्हती तर दुसरी सोय त्यानं करायची. आदमी लोगों को पीछे की तारीख में साइन करने दिया ना? तुमको नहीं दिया. यही तो भेदभाव है, और क्या होता है?"

भेदभाव. हा शब्द इतवारीनं शाळेच्या भिंतीवर वाचला होता. तो आपल्या चाळणीपर्यंत येऊन पोचेल असं तिला वाटलं नव्हतं.

चंद्रपूरच्या कोर्टात द्यायच्या अर्जावर पाच बायांच्या सह्या झाल्या. कंपनीनं पुढच्या सोमवारी पाचही जणींना सांगितलं, हंगाम संपला, बोलावू तेव्हा या. मग एकेकीला घरी निरोप गेला, अर्ज मागे घे आणि ये. पहिल्या दोघी आठवड्यात गेल्या. तिसरीच्या सासऱ्यानं सांगितलं, कुर्म्याची गोष्ट कोर्टात बोलायची तर आधी गावातून नीघ. कमळा शेवटची. ती इतवारीच्या अंगणात येऊन रडली.

"मी जातो वो. दोन लेकरं आहेत."

"जाय ना. मी कुठी तुले धरून ठेवली?"

इतवारीचा नवरा मुखरू कमी बोलणारा. तो एवढंच म्हणाला, "कोर्टात पुरुषांसमोर बोलशील ते?"

"बोलीन."

"माह्यानं ऐकवणार नाई. मी येत नाई."

तो खरंच कधी आला नाही. पण तारखेच्या दिवशी पहाटे उठून लेकीची, दिव्यानीची, वेणी तो घालायचा. वाकडी.

तारखा पडत गेल्या. कधी कोर्टाचे साहेब रजेवर, कधी कंपनीचे वकील. इतवारी लोकांच्या भाताच्या बांध्यांत रोवणी करायची, तारीख आली की कोरडं लुगडं नेसून बस धरायची. दोन वर्षं अशीच गेली. मग कोर्टानं कंपनीला हजेरीच्या वह्या आणायला लावल्या.

आफ्रीनची बसायची जागा तिच्या अब्बांच्या सायकल दुकानाच्या वर होती. तिथं नकला पसरून ती कॅलेंडर घेऊन बसली होती. इतवारीला हाक मारून म्हणाली, "ये देखो. अठ्ठावीस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस. हर महिने पाच दिन, घडी के माफिक. कामचुकार माणूस असा गैरहजर राहतो का?"

इतवारीनं पहिल्यांदाच ते एकत्र पाहिलं. तिच्या निळ्या सह्यांची रांग, मध्येच पाच लाल 'गै'. पुन्हा निळं, पुन्हा पाच लाल. सात-आठ वर्षांची तिची पाळी कोणीतरी तांबड्या शाईनं लिहून नागपूरला धाडत होतं आणि तिकडून त्यावर शिक्के मारून येत होते. चौऱ्याण्णव साली आठ महिने एकही लाल खूण नव्हती. तेव्हा दिव्यानी पोटात होती. धुणं बाजाराच्या चौकात दोरीवर टांगावं, तसं तिला झालं.

"यातूनच सिद्ध होतं," आफ्रीन म्हणत होती. मग तिचं बोट थांबलं. "ये क्या है? अठ्ठ्याण्णवात तीन महिने सलग सह्या. फिर ग्यारह दिन गायब?"

"तब्येत," इतवारी म्हणाली.

"कसली तब्येत?"

"अशीच."

आफ्रीननं पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं ती नंतर म्हणायची.

दोन हजार चारच्या जानेवारीत साक्षीची तारीख लागली. पहाटेच्या बसमध्ये इतवारी चढली तर पुढच्या बाकावर वारलू. कंपनीनं दिलेला नवा खाकी शर्ट, घडीच्या खुणांसकट. कंपनीचा साक्षीदार. वडशाला दोघांनी बस बदलली. चंद्रपूरच्या बसमध्ये बाक एकच रिकामा होता.

"वैनी," तो म्हणाला. "मले विचारतील तं मी काय सांगू?"

"दिसलं ते सांग."

"दिसलं होतं ना. तू चाळे, मी उचले. मले का ठाऊक नाई?"

"मंग झालं."

"झालं कसं वो? भैयाजी म्हणते, तूही मोहात नोता, तुह्याही सह्या काढू का बाहेर?" त्यानं कॉलर बोटानं सैल केली. "माही नोकरी जाईल."

इतवारी खिडकीबाहेर पाहत होती. तिला काही कठोर बोलावंसं वाटत होतं, पण त्याचे पाय थंडीनं की कशानं, हलत होते.

कोर्टात तिचा पुकारा झाला. कंपनीचे वकील मवाळ, पिकलेल्या केसांचे. आवाजही चढवत नव्हते.

"त्या पाच दिवसांत तुम्ही त्या झोपडीत राहत होता ना?"

"होती."

"घरात जात होता?"

"नाई."

"विहिरीवर?"

"नाई."

"देवळात?"

"नाई."

"म्हणजे कुठंच जात नव्हता."

"कामावर जात होती."

मागं कोणीतरी हसलं. वकीलही हसले. "सगळीकडे विटाळ, फक्त कंपनीत नाही?"

"माती खणाले मनाई नाई आमच्यात. वाफ्यात नाई गेली मी. वहीले हात नाई लावला. तुमचं काही विटाळलं नाई."

साहेबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आफ्रीनच्या ओठाच्या कडेला क्षणभर हसू आलं.

"बरं. अठ्ठ्याण्णव साल." वकिलांनी पान उलटलं. "हे अकरा दिवस. तेव्हाही माती चाळत होता?"

इथं 'हो' म्हणणं सोपं होतं. बाकीच्या दिवसांसारखेच ते दिवस, तसाच लाल रकाना. आफ्रीन पेन धरून थांबली होती.

"नाई," इतवारी म्हणाली. "त्या अकरा दिवसांत नोती मी."

"का?"

"लेकरू गेलं होतं. तीन महिन्याचं. पोटातलं."

पंखा कुरकुरत होता. साहेबांनी खाली मान घालून लिहून घेतलं.

"वाईट झालं," वकील म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "पण म्हणजे हजेरीत 'गैरहजर' लिहिलंय ते इथं बरोबर आहे?"

"हे अकरा दिवस बरोबर."

"बस. एवढंच."

मग वारलू. खाकी शर्ट, हात मागे बांधलेले. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, ढिगावर इतवारीबाईला पाहिलं का?

"साहेब, मी खाली पाहून काम करतो. कोण होतं, दिसलं नाई."

आफ्रीन उठली. "आठ वर्षं माती उचलली. चाळून कोण देत होतं?"

"राहे कोणी बाई."

"कोण?"

"दिसलं नाई."

"चाळणीचा आवाज तरी ऐकला असेल?"

वारलू त्या वेळी इतवारीकडे बघायचं टाळू शकला नाही. "चाळणी कोणीबी वाजवते, मॅडम," तो म्हणाला.

परतीच्या बसला गर्दी होती. वारलूनं गमछा टाकून दोन जागा धरल्या होत्या. शेवटची बस, इतवारी बसली. नागभीड गेल्यावर तो पुटपुटला, "लेकराचं सांगतली नाई वैनी कधी."

"तुले दिसत नाई म्हणते ना तू," ती म्हणाली. "मंग ऐकू कसं आलं?"

वडशाला उतरताना तिची पिशवी त्यानंच खाली घेतली.

निकाल दोन हजार पाचच्या पावसाळ्यात लागला. आफ्रीननं तो वाचून मराठीत सांगितला. कायदा तिच्या बाजूचा आहे, साहेबांनी लिहिलं होतं. रूढी पाळते म्हणून बाईला डावलणं गैर. पण त्या दिवसांत ती कामावर होती याला पुरावा नाही, साक्षीदार नाही, आणि काही दिवस गैरहजर असल्याचं तिनं स्वतः मान्य केलं आहे. अर्ज नामंजूर. यापुढे मात्र कंपनीनं वही कामगाराच्या जागेवर न्यावी आणि ज्या दिवसाची हजेरी त्याच दिवशी घ्यावी, बाई असो की पुरुष.

"वरच्या कोर्टात जाता येईल," आफ्रीन म्हणाली.

"तिथीबी वारलूच दिसंल ना, मॅडम?"

आफ्रीननं कागदांची घडी घातली, परत उलगडली. "मैंने ग्यारह दिन का पूछना था," ती म्हणाली. "आपण आधीच सांगितलं असतं कोर्टाला, तर त्यांच्या हातात गेलं नसतं."

"तुम्ही विचारलं होतं," इतवारी म्हणाली. "मीच नाई सांगितलं."

कंपनीनं तिला परत बोलावलं नाही. हंगाम संपला तो संपलाच.

पुढची यादी दोन हजार दहाच्या नोव्हेंबरात लागली. इतवारी तेव्हा दुसऱ्याच्या बांधीत धान कापत होती. कमळा दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालत आली. हातात पेढ्यांचा पुडा.

"लागलं वो माह्यं नाव," ती म्हणाली. "दोन बायांचं लागलं. तुह्याच्यानं झालं हे. सगळे म्हणते."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतो."

इतवारीनं विळा कमरेला खोचला, लुगड्याला हात पुसून पेढा घेतला. अर्धा खाल्ला, अर्धा पदराच्या टोकाला बांधला दिव्यानीसाठी.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवसांत सही करते तू?"

"करतो ना. भैयाजी ढिगापाशी वही आणून ठेवते. नाक मुरडते, पण आणते."

"हात लावते वहीले?"

"लावतो. काही होत नाई वो. पाच वर्षं झाली, वहीत का किडे पडले?"

इतवारी पेढ्याचा कण दाताखाली घोळवत राहिली. "मी असती तं नसती लावली," ती म्हणाली.

कमळाला ते लागलं. "मंग कायले केलं एवढं कोर्ट? चार वर्षं तारखा? गावभर नाव? मुखरूभाऊ अजूनबी चौकात बसत नाई. सही करायचीच नोती तं कायले गेलती तू?"

"काम केलं होतं म्हून."

"अन् सही?"

"सही नोती केली. काम केलं होतं."

तीनच्या आत कमळाला फाटकावर पोचायचं होतं. आता ती कायम होती, उशीर झाला की खाडा लागायचा. तिनं पुडा धुऱ्यावर ठेवला, मुंग्या लागतील म्हणून परत उचलला, इतवारीच्या शिदोरीच्या फडक्यात खोचला आणि पदर डोक्यावर घेऊन निघाली.

इतवारीनं विळा काढला. अर्धी बांधी अजून उभी होती.